तळीतली उभी माणसं

पहिलं तोंड मला दिसलं ते भर दुपारी, सूर्य डोक्यावर असताना. पाणी ओढणाऱ्या पाइपची जाळी पानांनी तुंबली होती, म्हणून मी तळीच्या काठावर पालथी पडून पाण्यात हात घातला होता. पाणी अजून चहाच्या रंगाचंच होतं, फक्त आता फिक्या चहाच्या. पानं खरवडता खरवडता नजर खाली गेली, आणि हातभर खोलीवरून कोणीतरी माझ्याकडे बघत होतं.

मी किंचाळले नाही. आम्ही कऱ्हाडची माणसं, घाबरलो की आधी शिवी देतो. एक अस्सल शिवी हासडली, हात बाहेर काढला आणि उठून बसले. मग जिवाचा हिय्या करून परत वाकले. तोंड लाकडाचं होतं, नारळाएवढं. नाक कोरलेलं, ओठांच्या जागी एक आडवी रेघ, आणि डोळे काळे कुळकुळीत, सताड उघडे. खाली मान होती. मानेखाली नुसता अंधार.

"वासूकाका," मी हाक मारली, "इकडे या जरा. पाण्यात काहीतरी आहे."

वासूकाका शेडमध्ये पंपाच्या बटणापाशी बसले होते. वासुदेव धुरी, गावच्या पाणी समितीचे अध्यक्ष. आमचं मशीन गावात यावं म्हणून तालुक्याला खेपा घालून चपला झिजवलेला माणूस, आणि मला रोज घरचं ताक आणून देणारा. ते आले, पण काठापासून चार पावलं अलीकडेच थांबले.

"दिसला तुमका?"

"लाकडाची बाहुली आहे. कोणी टाकली?"

"बावले आसत ते. गावात मेलेल्यांचे." पाण्याकडे न बघताच ते बोलत होते. "पण पाणी पातळ कसा झाला? तुमी तर पाणी वर टाकयेत चढवतास."

मी त्यांना समजावलं. गावची टाकी भरली की उरलेलं साफ पाणी ओहोळात वाया जायचं. एवढी वीज खर्चून साफ केलेलं पाणी मातीत घालवायचं माझ्या जिवावर येई, म्हणून त्याची नळी मी परत तळीत सोडली होती. डोंगरातला झरा उन्हाळ्याने आटलेला, नवं काळं पाणी येत नव्हतं. तेव्हा तळीतलं तेच पाणी मशीनमधून फिरून फिरून निवळत चाललं होतं.

"परत सोडू नकात," ते म्हणाले.

"का हो?"

"देवाची तळी आसा. उगीच कित्या..." वाक्य अर्धवट सोडून ते शेडकडे वळले. मीही विषय वाढवला नाही. कोणाच्या देवधर्मात नाक खुपसायचं नाही हा कानाला खडा मी पहिल्याच नोकरीत लावून घेतलाय. नळी मात्र काढली नाही. मशीन माझं, अक्कल माझी, असा तेव्हा माझा खाक्या होता.

ही पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. गाव दोडामार्गाच्या वरच्या डोंगरात. नाव सांगणार नाही, मला तिथे अजून जावं लागतं आणि गेल्यावर जेवायलाही मिळायला हवं. गावाच्या डोक्यावर देवाची राय. तिथल्या झाडाला कोणी कोयता लावत नाही, जमिनीत कुदळ मारत नाही. त्या राईच्या पोटात ही दगडी बांधाची तळी, आणि सगळं गाव तिचंच पाणी पिणारं. पाणी घाण नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या गळलेल्या पानांचा तो काढा होता, आणि चांगला कडक काढा. पण पंचायतीचा शिपाई जंतू मारायला त्यात नेमाने टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकायचा, आणि पानांच्या काढ्यात ती पावडर पडली की पोटात जाऊ नये असलं काहीबाही तयार होतं. पावडर बंद करावी तर कावीळ. म्हणून आधी काढा काढून टाकायचा आणि मग पावडर टाकायची. त्यासाठी आमच्या पुण्याच्या प्रयोगशाळेने मशीन बनवलं होतं आणि ते चालवायला मला, म्हणजे उल्का जगदाळेला, पाठवलं होतं.

मशीन म्हणजे फार काही नव्हे. एक मोठी टाकी, तिच्यात ॲल्युमिनियमच्या पत्र्यांच्या रांगा, आणि त्या पत्र्यांना वीज. वीज सोडली की पत्रे कणाकणाने झिजतात, पाण्यात बारीक बुडबुडे उठतात, आणि पाण्यात मुरलेला तो काळेपणा नासलेल्या दुधासारखा फाटून गोळा होतो. काही तळाला बसतो, काही फेसाबरोबर वर येतो. तो तपकिरी फेस मी फावड्याने ओढून राईबाहेरच्या खड्ड्यात टाकायची. हाताला कुजक्या पानांचा वास यायचा, साबणाने न जाणारा.

सगळं सोलरवर, त्यामुळे काम उन्हातलंच. असली गोष्ट म्हटली की लोक अमावास्येची रात्र धरून बसतात. माझ्या वाट्याला जे आलं ते बहुतेक सगळं भर दुपारी आलं, आणि कोकणात दुपारच जास्त वाईट.

मी राहायला होते द्वारकाकाकींकडे. त्या वासूकाकांची वयनी, थोरल्या भावाची बायको. पन्नाशी ओलांडलेली, काटक, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि घरात एकट्या. मुलगी, त्यांच्या बोलीत चेडू, सावंतवाडीला दिलेली. तोंड पहाल तर माझ्यासारखंच फटकळ, म्हणून आमचं जमलं. त्या दिवशी जेवताना मी त्यांना बाहुल्यांचं विचारलं.

"बघलंस ना शेवटी," काकी म्हणाल्या. "आमी जन्मात बघूक नाय. बायका सीमेच्या धोंड्याफुडे जायत नाय. तू शिकलेली, म्हणजे अर्धो बापयमाणूसच, म्हणान तुका कोण बोलला नाय."

"पण ते आहे काय?"

"माणूस मेलो की तेचो बावलो करतत. पांगाऱ्याचा लाकूड, आणि डोळे बिब्ब्याचे, म्हणजे ते पाण्यान धुवन जायत नाय. मेलेल्याच्या अंगावरची एक वस्तू गळ्यात बांधूची आणि तळीत सोडूचो. लाकूड हलक्या, वर येयत, म्हणान पायाक काथ्याच्या दोरीन धोंडो बांधूचो."

म्हणजे ते तळाशी पडलेले नव्हते. पाय धोंड्याला आणि अंग वर ओढणारं, असे ते सगळे पाण्यात उभे होते. मी हातातला घास पानात ठेवला.

"सोडायचा कोणी?"

"ज्याणा मढा पयला बघल्यान तेणा. दुसऱ्यान नाय."

"आणि नाहीच सोडला तर?"

"तर तो मेलेलो भर दुपारी घराच्या दारात येता आणि पाणी मागता." काकींनी माझ्या पानावर भात वाढला. "हसा नको. शेजारची म्हातारी गेली तेव्हा पयलो बघणारो भियान पळालो, सासुरवाडीक जावन बसलो. तो परत येयसर म्हातारी रोज दुपारी दारात. 'गो, वाईच पाणी घाल.' मी ह्या कानान आयकलंय."

मी हसले नव्हते. मी त्यांच्या कुंकवाकडे बघत होते, आणि ते त्यांच्या लक्षात आलं.

"माझो घोव जितो आसा," त्या म्हणाल्या. "सगुण धुरी. गोव्याक खाणीत कामाक होतो. सुट्टी संपली, पहाटेच्या गाडीन गेलो. वासू भावजीन स्वतः गाडयेत बसवल्यान. पण थय पोचलोच नाय. तेरा-चौदा वर्सा झाली. गाव म्हणता, थय दुसरी केल्यान."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

"मी काय म्हणतलंय? मेलो असतो तर पाणी मागूक इलो असतो. इतकी वर्सा मी दुपारची आडवी पडूक नाय. दार उघडा टाकून बसतंय. कोण इलो नाय. म्हणजे जितो आसा, आणि जितो आसा म्हणजे माका टाकून गेलो." त्यांनी कढीची पळी पातेल्यात ठेवली. "मेलो काय टाकून गेलो, एवढाच माका कळाक व्हया. तेच्याबगर देवाकडे माझा मागणा नाय."

माझ्यासारखी बाई गप्प बसते तेव्हा तिला खरोखरच वाईट वाटलेलं असतं. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं.

पुढच्या दिवसांत तळी रोज थोडी थोडी उघडत गेली. पहिल्यांदा एकच तोंड होतं, मग चार झाली, मग ओळीच्या ओळी. कोणाचं तोंड हातभर खोल, कोणाचं दोन हात. खांदे दिसायला लागले, आणि गळ्यातल्या वस्तू. एकाच्या गळ्यात चष्मा, एकीच्या नथ, एकाच्या चिलीम. त्या काढ्यात काहीच कुजलं नव्हतं. गावात कधी काळी नांदलेली सगळी माणसं एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभी होती, आणि मी त्यांच्या डोक्यांवरून पाइप ओढत होते.

सकाळचं तर सांगायलाच नको. पंप बंद असला की ते नाकासमोर सरळ उभे असत. बटण दाबलं की जाळीकडे पाण्याची ओढ लागे, आणि ते सगळेच्या सगळे हळूहळू माझ्या शेडकडे वळत. कारण मला माहीत होतं. वाहत्या पाण्यात हलकं लाकूड वळणारच, शाळेतलं पोरही सांगेल. तरीही ते वळत असताना मी पत्र्यांच्या टाकीकडे तोंड करून उभी राहायची आणि मोठ्याने पाढे म्हणायची. भीती वाटत होती, ती मी नाकारत नाही.

राईतले आवाज कमी झाले असंही मला वाटायला लागलं. रोज एक धनेशाची जोडी तळीवर यायची, ती यायची थांबली. बुडबुड्यांची चुरचुर तेवढी ऐकू यायची.

एके दिवशी भिकू गुरव आला. राईचा पुजारी, बोलायला गोड, पण त्या दिवशी तोंडावर रया नव्हती. बरोबर वासूकाका.

"म्याडम, मशीन बंद करा," गुरव म्हणाला.

"गावाला साफ पाणी नको का?"

"व्हया. टाकयेतला साफ करा. तळीतला नको. त्या पाण्याक काळा ठेवल्यान तो देव खुळो नाय. मेलेल्याक एकदा सोडलो की परत बघूचो नसता. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मला पुण्याला पाण्याचे नमुने पाठवायचे आहेत. अजून चार दिवस लागतील."

"चार दिवसांत तळ दिसात," वासूकाका म्हणाले. आवाज एकदम कोरडा. "म्याडम, मी तुमच्या पायाक हात लावतंय. आजच बंद करा."

आणि ते खरोखरच वाकले. बापाच्या वयाचा माणूस, मी दोन पावलं मागे सरले. ज्याने मशीन यावं म्हणून जिवाचं रान केलं तोच ते बंद करा म्हणत होता. देवभोळा आहे, घाबरलाय, एवढाच मी अर्थ लावला. शेवटी मी म्हटलं, "बरं, उद्या नळी काढते." ते निघाले आणि उरलेली दुपार मी मशीन चालवलं.

दुसऱ्या दिवशी नळी काढायला म्हणून मी तळीला वळसा घालून पलीकडच्या कोपऱ्यात गेले. तिथे वडाच्या मुळ्या बांधातून पाण्यात उतरल्या होत्या, आणि त्या मुळ्यांच्या आड एक बाहुला एकटाच उभा होता. बाकीचे ओळीने, हा ओळीबाहेर. बाकीचे सुताराच्या हातचे, नाकीडोळी रेखीव. हा कोणीतरी कोयत्याने कसातरी तासलेला. नाक एका बाजूला, एक डोळा मोठा, एक बारीक. बिब्बा गालावर ओघळलेला, त्यामुळे रडतोय असं वाटायचं. गळ्यात एक गोल पितळी बिल्ला होता. पाण्यात ऊन शिरलं की तो चकाकायचा, आणि त्याच्यावर ठोकलेला आकडा सहज वाचता येत होता.

मी नळी काढली आणि जेवायला घरी गेले. आता वाटतं, तेव्हा जीभ आवरली असती तर काय झालं असतं. पण मला बोलल्याशिवाय घास उतरत नाही.

"आज एक वेगळाच दिसला," मी काकींना म्हटलं. "कोपऱ्यात एकटा. गळ्यात नथ नाही, चिलीम नाही. पितळेचा बिल्ला आहे, आकडा ठोकलेला."

काकी भाकरी थापत होत्या. त्यांचे हात थांबले.

"दोनशे अठरा," त्या म्हणाल्या.

आकडा मी अजून सांगितला नव्हता.

"दोनशे अठरा काय गो बाय?"

"हो."

"खाणीतलो बिल्लो तो. कामार जाताना कमराक लावी. तो नसलो तर गेटातसून आत घेयत नाय. सुट्टयेक इलो की मी तेच्या सदऱ्याच्या खिशातसून तो काढून, सदरो धुवन परत घालंय, इतकी वर्सा." त्या उठल्या. पिठाचे हात तसेच. "चल."

त्यांनी चूल विझवली नाही, पायात चपला घातल्या नाहीत. उन्हात दगड तापून लाल झाले होते. वाटेत मी दोनदा "काकी, थांबा," म्हटलं असेल, त्यांना ऐकू गेलं नाही. राईच्या तोंडाशी तो सीमेचा धोंडा, शेंदूर फासलेला. भिकू गुरव तिथेच बसला होता. तो उठून आडवा आला.

"गो द्वारका, बायकांनी फुडे..."

काकी त्याच्या बाजूने, धोंडा ओलांडून, सरळ आत गेल्या. गुरवाने हात वर केला होता तो तसाच राहिला.

तळीवर वासूकाका होते. मी खरंच नळी काढली की नाही ते बघायला आले असणार. वयनीला समोर बघून ते शेडच्या खांबाला धरून उभे राहिले. मी धावत जाऊन पंप बंद केला. बुडबुडे थांबले, आणि राईत इतकं सुनसान झालं की माझा श्वास मलाच ऐकू येत होता.

काकी मुळ्यांपाशी गुडघ्यावर बसल्या आणि पाण्यात बघू लागल्या. किती वेळ बघत होत्या कोण जाणे. गुरव मागून आला आणि तोही उभा राहिला. अखेर त्या बोलल्या, मान वर न करता.

"वासू भावजी, तुमच्या दादाक तुमी गाडयेत बसवलास."

वासूकाकांनी मान फिरवली.

"बिल्लो तेच्या अंगार होतो. मग हय कसो इलो?"

"वयनी..."

"हो बावलो कोणी तासल्यान? सुताराचो हात नाय हो."

वासूकाका खांबाला धरूनच खाली बसले. मग ते बोलले ते अगदी शांतपणे, खूप दिवस पाठ करून ठेवल्यासारखं.

"बंदूक मी बांधलेली. डुकरासाठी, राईतल्या वाटेर. दोरयेक पाय लागलो की सुटणारी. पहाटे मी दादाच्या मागसून येय होतंय, तेका पोचवूक. गाडी चुकात म्हणान तेणा मधली वाट धरल्यान. मी हाक मारलंय. तवसर आवाज इलो."

"जितो होतो?"

"थोडो वेळ."

"काय बोललो?"

"पाणी मागल्यान."

काकींनी डोळे मिटले. "दिलास?"

"तळी फुडेच होती. ओंजळीन दिलंय. दोन घोट घेतल्यान."

गुरव तोंडावर उपरणं धरून उभा होता.

"बंदूक चोरटी, बिनलायसनची," वासूकाका म्हणाले. "मी भियालंय. हयच राईत पुरलंय, हय कोण खणणा नाय म्हणान. गाडयेत बसवलंय असा एकदा सांगलंय, आणि मगे तोंड उघडाक धीर झालो नाय. पण बावलो नाय सोडलंय तर दादा दुपारी तुझ्या दारात येयत, पाणी मागात, आणि तुका कळात. आणि तेका तसोच तहानेलो ठेवचो, ताय माका सोसा नाय. म्हणान ह्या हातांनी तासलंय."

काकी उठल्या. मला वाटलं, आता या माणसाच्या थोबाडीत बसणार, आणि बसली असती तर मी टाळी वाजवली असती. पण त्या त्याच्या पुढ्यात जाऊन नुसत्या उभ्या राहिल्या.

"तू तेका पाणी दिलंस," त्या म्हणाल्या. भावजींना त्या आयुष्यात पहिल्यांदा 'तू' म्हणत होत्या. "तू बावलो सोडलंस, म्हणान तो माझ्या दारात इलो नाय. आणि तो इलो नाय म्हणान मी तेका जितो धरलंय. रोज दुपारी दारात बसान मी तेका शिव्या घातलंय रे. मेल्या, सुखान नांदतंस थय, तुझ्या तोंडात माती पडो, असा म्हटलंय. तेच्या तोंडात माती होतीच."

वासूकाकांनी जमिनीला कपाळ टेकलं. कोणी त्यांना उठवलं नाही. थोड्या वेळाने ते आपले आपण उठले आणि राईबाहेर, खाली पोलीस पाटलाच्या घराकडे चालत गेले. पुढे पोलीस आले, राईत उघडपणे पहिल्यांदा कुदळ लागली, हाडं सापडली, खटला झाला, शिक्षा झाली. ते सगळं रीतसर झालं, आणि कोणाला हवं असेल तर कोर्टात मिळेल.

त्या दुपारी मात्र आम्ही तिघंच तळीवर उरलो. गुरवाने घसा साफ केला.

"म्याडम, आता तरी मशीन बंद ठेवा. झाला ता पुरे झाला."

मी मान हलवली. खरं सांगते, त्या घडीला मलाही ते पाणी परत काळं झालं तर हवं होतं. एवढी माणसं एकदम माझ्याकडे बघताहेत, हे मला आणखी एक दिवसही सोसवलं नसतं.

"नाय," काकी म्हणाल्या. "बाय, तू मशीन लाव. ती नळी परत आत सोड."

"काकी, दिसला ना तो. आता अजून काय बघायचंय?"

"तोंड दिसला. कमरेखाली काळाच आसा."

"गो, मगे?" गुरव म्हणाला.

काकी त्याच्याकडे वळल्या. "चौदा वर्सा तुमी सगळ्यांनी माका सांगलास, तो आपल्या पायान चालत गेलो. देवळात सांगलास, लग्नात सांगलास, माझ्या चेडवाच्या सोयरिकेत सांगलास. माका तेचे पाय बघूक व्हये."

गुरवाने मान खाली घातली. मी नळी परत तळीत सोडली आणि बटण दाबलं. सगळे बाहुले सावकाश वळले, आणि या खेपेला मी पाढे म्हटले नाहीत.

काकी घरी आल्या नाहीत म्हटलं तरी चालेल. सकाळी माझ्याआधी तळीवर आणि ऊन उतरेपर्यंत तिथेच, मुळीवर बसलेल्या. आधी बायका सीमेच्या धोंड्यापर्यंत आल्या, मग एकीने पाय पलीकडे टाकला, मग दुसरीने. कोणी आईला शोधत होती, कोणी सासऱ्याला. गुरव कोणालाही अडवत नव्हता. मी फेस ओढत राहिले, खड्डा भरला, राईबाहेरच दुसरा खणावा लागला. पाण्यातला काळेपणा बाहुल्यांच्या कंबरेखाली उतरला, मग मांड्यांपर्यंत, मग गुडघ्यांपर्यंत.

ज्या दुपारी तळाचे दगड दिसले त्या दुपारी मी पंप थांबवला. पाणी इतकं स्वच्छ होतं की ते आहे की नाही असं वाटावं. काकी ओणव्या झाल्या. मीही त्यांच्या शेजारी वाकले. वाकडा तासलेला तो बाहुला सरळ उभा होता. पाय नीट कोरलेले नव्हते, नुसते दोन खुंट. त्यांच्याभोवती काथ्याची दोरी, एकदा नव्हे, कितीतरी वेढे मारून आवळलेली, आणि दोरीच्या टोकाला धोंडा. नवी वळल्यासारखी शाबूत होती ती दोरी.

"बांधलेले आसत," काकी म्हणाल्या.

"हो काकी."

त्यांनी पदराने तोंड पुसलं. मग पाण्यावर अगदी खाली वाकल्या, आणि घरात बोलायच्या त्या आवाजात त्याला म्हणाल्या, "खंयच जावक नाय होतंस तू."

मग त्या रडल्या. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले, आणि त्या दिवशी मशीन परत लावलं नाही.